मिशनचं मागचं दार

बँकेतले आठल्ये दर शनिवारी दुपारी मिशनच्या शाळेत मागच्या दाराने शिरतात आणि तासा-दोन तासांनी रुमालाने तोंड पुसत बाहेर येतात, आणि त्या वेळी आत सिस्टर एर्मेलिंडाशिवाय चिटपाखरू नसतं, अशी बातमी शहाण्णवच्या संक्रांतीत सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या बँक कॉलनीत फिरली. हळदीकुंकवाचे दिवस होते, त्यामुळे बातमीला वेगळं वाहन लागलं नाही. त्या वर्षी वाण म्हणून जिकडेतिकडे चहाच्या गाळण्या वाटल्या जात होत्या. बायका गाळणी पिशवीत टाकत आणि बातमी न गाळता पुढच्या घरी नेत.

बातमीचा सगळा जीव होता तो 'तोंड पुसत' एवढ्यात. ते उच्चारलं की सांगणारी थांबायची, ऐकणारी "अगं बाई!" म्हणायची, आणि मग दोघी मिळून तिळगुळाची वडी मोडायच्या.

पाहणारी होती दुसऱ्या मजल्यावरची दीप्ती. तिच्या गॅलरीतून मिशनची मागची भिंत, पत्र्याची खोली आणि ते हिरवं दार सरळ दिसायचं. सगळ्या कॉलनीत फिरून झाल्यावर बातमी शेवटी जिथे पहिल्यांदा जायला हवी होती तिथे गेली, म्हणजे आठल्यांच्याच घरी.

"उज्ज्वलाताई, मी काही म्हणत नाही हं. दिसलं ते सांगते. कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले होते."

"दर शनिवारी?"

"शनिवारी आमचं धुणं जास्त असतं."

उज्ज्वलाबाईंनी तिला कुंकू लावलं. ते कपाळाऐवजी भुवईवर लागलं, एवढंच. "हे आमच्या शाळेतल्या मुलांना गणित शिकवतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "हाफ डे असतो ना बँकेला. समाजकार्य."

"हो ना," दीप्ती म्हणाली. "पण साहेब जातात तेव्हा मुलं तर घरी जाताना दिसतात."

त्या क्षणी उज्ज्वलाबाईंच्या पोटात जो निखारा पडला, तो पुढे वर्षभर विझला नाही. खरं तर तो नव्याने पडलाच नव्हता. राखेखाली होताच, दीप्तीने फक्त फुंकर घातली.

सिस्टर एर्मेलिंडांना ज्याने एकदा पाहिलं असेल, त्याला ही बातमी ऐकून आधी हसूच आलं असतं. बाई वसईकडच्या, तुस्कानो घराण्यातल्या. बापाची केळीची आणि पानवेलीची वाडी, घरात पाच बहिणी, त्यातली ही मधली. वाडीला पाणी लावून लावून खांदे असे झालेले की मागून वाट मागणारा "ओ भाई, जरा खसो ने" म्हणायचा. पावलांना सुरतेच्या कुठल्याही दुकानात बायकी चपलेचं माप मिळायचं नाही, म्हणून पायात पुरुषी सँडल. ओठाच्या कडेला चामखीळ आणि त्या चामखिळीवर ताठ उभा एकच केस. आवाज या वाडीतून त्या वाडीत हाक मारायला घडलेला, आणि हसू तर पोटातून निघून सबंध व्हरांड्यात फिरून यायचं.

ही बाई संन्यासिनी का झाली, यावर कॉलनीत तीन मतं होती. एक, साखरपुडा मोडला. दोन, हुंडा जमला नाही. तीन, त्या चामखिळीमुळे. सिस्टरांना कोणी विचारलंच तर त्या सांगत, "आमच्या गावच्या शाळेत एक सिस्टर होती. तिला सगळ्या पोरांची नावं पाठ. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. लग्नात काय, आयुष्यभर एकाच माणसाचं नाव घ्यायचं, ते पण उखाण्यात!" आणि मग ते हसू. बोटात त्यांच्या चांदीची साधी अंगठी असायची. शेवटची व्रतं घेताना त्यांच्या पंथात ती देतात. पण अंगठी म्हटली की देणारा आला, आणि देणारा म्हटला की कॉलनीतल्या बायकांची रात्रीची झोप गेली. ही सवाष्ण धरायची की कुमारिका, हा प्रश्न पुढे दोन हळदीकुंकवांत सुटला नाही. म्हणून मग तिला बोलवायचंच नाही असं ठरलं.

एक्याण्णव साली त्या सुरतेला आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी उज्ज्वलाबाईंचा पहिलीचा वर्ग घेतला.

घेतला म्हणजे शाळेच्या मुख्य, मदर ॲग्नेस, यांनी दिला. पण उज्ज्वलाबाई शेवटपर्यंत 'घेतला' असंच म्हणायच्या. मिशनची ही मराठी शाळा चौथीपर्यंतची. मुलं सगळी शेजारच्या बमरोलीची, लूमच्या कारखान्यांत राबणाऱ्या खानदेशी आणि बौद्ध कुटुंबांची. शाळा सुरू झाल्यापासून पहिली आठल्येबाईंची. कडक इस्त्रीची साडी, हातात पट्टी, फळ्यावर अक्षर असं की छापखान्याने लाजावं. पहिलीची बाई म्हणजे काय, ते पहिली शिकवणाऱ्यालाच ठाऊक. चौथीच्या बाईला मूल पाचवीत विसरतं. पहिलीच्या बाईला ते स्वतःला नातवंडं झाली तरी विसरत नाही. उज्ज्वलाबाई उधन्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेल्या की कुठून तरी एखादा मिसरूड फुटलेला पोरगा येऊन पाया पडायचा, आणि भाजीवाली बाजूला सरून म्हणायची, "टीचर छो, बेन?" तेवढ्या एका क्षणावर त्या आठवडाभर जगायच्या.

आता पहिलीत सिस्टर जमिनीवर फतकल मारून बसायच्या. लूममध्ये वाया गेलेल्या दोऱ्याची गुंडाळी मुलांच्या बापांकडून मागवायच्या, पुठ्ठ्यावर खळीने तो रंगीत दोरा अक्षराच्या वळणाने चिकटवायच्या, आणि पोरं डोळे मिटून त्यावर बोट फिरवायची. बापाच्या हातचा दोरा आणि पोराच्या बोटाखाली 'ग'. पोरं खिदळायची. मध्ये प्लायवुडचा पडदा. पलीकडे चौथीत उज्ज्वलाबाई गुणाकार शिकवत उभ्या, आणि ते खिदळणं प्लायवुडमधून सुईसारखं आरपार यायचं.

"बोट फिरवून अक्षर येत असतं तर आंधळे सगळे लेखक झाले असते," त्या स्टाफरूममध्ये म्हणायच्या.

"आठल्येबाई, मग तुमची पट्टी फिरवून बघू का?" सिस्टर विचारायच्या, अगदी भोळेपणाने, आणि बाकीच्या शिक्षिका चहात तोंड घालायच्या.

मत्सराचं एक असतं. त्याला एकदा घरात जागा दिली की तो खोल्या मोजत नाही. शाळेतली ही आग घरी आली ती चौऱ्याण्णव साली, प्लेगाच्या पाठीवर बसून.

सप्टेंबरात शहरात प्लेग आल्याची आवई उठली आणि सुरत रिकामी होऊ लागली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं स्टेशनात, एसटी स्टँडवर, ट्रकच्या टपावर. टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूल प्रसादासारख्या मागितल्या जात होत्या. उज्ज्वलाबाईंनी मुलीला, रश्मीला, घेतलं आणि नाशिक गाठलं, माहेर. आठल्यांना बँक सोडता येईना. खानावळी बंद, भाजी बंद, घरात डब्यात जे होतं ते चार दिवसांत संपलं.

सिस्टर मात्र कुठे गेल्या नाहीत. ज्यांना पळायला गाव नव्हतं, ती घरं बमरोलीत मागे राहिली होती. सिस्टर तोंडाला पांढरं फडकं बांधून कॅप्सूलची पिशवी घेऊन दारोदार जात आणि फडक्यातून इतक्या मोठ्याने बोलत की पेशंट दाराशी यायच्या आधी उंदीर पळत. हे कॉलनीने नंतर सांगितलं. कॉलनी स्वतः तेव्हा नाशिक, पुणे, जळगावला होती.

दिवाळीच्या तोंडावर उज्ज्वलाबाई परतल्या. येताना वाटेत त्यांनी मनाची तयारी केली होती, नवरा हाडाचा सापळा झाला असेल, आपण त्याला चांगलं भरवू. दार उघडलं तर समोर आठल्ये, गालावर तकाकी आलेली, शर्टाची बटणं ताणलेली.

"अहो, खाल्लंत तरी काय इतके दिवस?"

"डबा यायचा. मिशनमधून. सिस्टरनी पाठवला."

"काय असायचं डब्यात?"

आठल्ये पंख्याकडे बघत म्हणाले, "भात असायचा."

एवढा भात खाऊन कोणी असं टवटवीत होत नाही, हे उज्ज्वलाबाईंना तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांना दुसरंच कळलं. आपण पळून गेलो आणि त्या बाईने आपल्या नवऱ्याला जगवलं, हे. उपकाराचा घास कडू असतोच, आणि तो दुसऱ्याने खाल्लेला असला तर जास्तच. त्यातून आठल्ये म्हणाले, शाळेचे फार उपकार झाले, मी आता दर शनिवारी मुलांना गणित शिकवायला जाणार.

"माझ्या शाळेत? मी चौथीला गणित शिकवते ना!"

"तू शिकवतेसच. मी आपलं तू घरी गेल्यावर, पहिली-दुसरीला. बेरजा."

तेव्हापासून शनिवार. बातमी ऐकल्यावर उज्ज्वलाबाईंनी ते सगळे शनिवार मागे जाऊन तपासले, आणि एकेक शनिवार पुरावा होऊन उभा राहिला. शनिवारी आठल्ये रात्री जेवत नाहीत. "जरा जड वाटतंय." शनिवारी ते गुणगुणतात. शनिवारी घरी येताना हाताला लिंबाचा आणि चंदनी साबणाचा वास. कुठला पुरुष शाळेत बेरजा शिकवून चंदनी साबणाने हात धुतो? बडीशेप इतकी चघळतात की खिशात तिचा चुरा. आणि रश्मी, नववीतली, निम्मी गुजराती झालेली, एकदा सहज म्हणाली, "मम्मी, पप्पा शनिवारे केवा मस्त दिसतात, नै? एकदम फ्रेश!"

त्या रात्री उज्ज्वलाबाई आरशासमोर बसल्या. गोऱ्या, नीटस, नाक सरळ, पन्नाशी अजून दूर. आरशातल्या बाईला त्यांनी विचारलं, कशात कमी आहोत आपण? आणि कोणापुढे? कोणी देखणी असती, सडपातळ असती, निदान तिच्या पायात बायकी चप्पल असती, तर समजूत तरी घालता आली असती. नवऱ्याने आपल्याला सोडून त्या केसाळ चामखिळीत काय पाहिलं, हा प्रश्न त्यांना जितका छळत होता, तितका नवरा गेल्याचं दुःख छळत नव्हतं. मत्सराला सुंदर शत्रू चालतो. कुरूप शत्रूने जिंकलं की तो वेडाच होतो.

तेव्हा त्यांनी ठरवलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. एका शनिवारी डोकं दुखतंय म्हणून घरीच राहिल्या, आणि दुपारी मिशनच्या मागच्या बोळातून त्या हिरव्या दाराशी गेल्या. दार आतून लावलेलं होतं, पण बाजूला पत्र्याच्या खोलीची खिडकी होती. त्या खोलीत सिस्टर कामाला जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी दुपारची खिचडी शिजवायच्या. मदर शनिवारी कतारगामला पंथाच्या दवाखान्यात जात, म्हणजे आत तिसरं कोणीच नाही.

बोळात अशी काही घाण येत होती की उज्ज्वलाबाईंना उमासा आला. बमरोलीची खाडी! कारखान्यांचं रंगीत पाणी तिच्यात सुटतं. वारा फिरला की हे असं. मेली ही बाई असल्या घाणीत प्रेमकूजन करते तरी कशी, असं म्हणत त्यांनी पदर नाकाला लावला आणि टाचा उंचावून खिडकीतून पाहिलं.

आठल्ये पाटावर खाली बसलेले, खिडकीकडे पाठ. बाह्या वर दुमडलेल्या. समोर काय होतं ते त्यांच्या पाठीमुळे दिसेना. पण त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले ते दिसलं. नवरा रडत होता! वीस वर्षांच्या संसारात जो माणूस स्वतःचे वडील वारले तेव्हासुद्धा रडला नाही, तो! मग त्यांना ठसका लागला, आणि सिस्टर उठून आल्या, वाकल्या, आणि त्यांनी आपल्या त्या रुंद हाताने आठल्यांच्या पाठीवर थापटलं. "सावकाश, साहेब, सावकाश," त्या म्हणाल्या. "कोण पळवून नेत नाय."

इतकं पुरे झालं.

सोमवारी उज्ज्वलाबाई मदर ॲग्नेसच्या खोलीत होत्या. जे पाहिलं ते सांगितलं, थोडं न पाहिलेलंही सांगितलं. आणि एक गोष्ट मागितली: ही बाई इथून हलली पाहिजे, नाहीतर मी पालकांच्या सभेत उभी राहून बोलेन. मदर मंगळूरच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सिस्टरांना बोलावलं.

"सिस्टर, आठल्येसाहेब शनिवारी मागच्या खोलीत येतात?"

"येतात."

"मुलं गेल्यावर?"

"मुलं गेल्यावरच."

"कशासाठी?"

सिस्टरांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी ओठ घट्ट दाबले, मान खाली घातली, खांदे हलू लागले. उज्ज्वलाबाईंनी त्याला पश्चात्ताप ठरवलं. ते हसू होतं, आणि ते दाबताना त्या बिचारीचा जीव चालला होता.

"मदर, त्यात पाप काही नाही. पण काय ते मी सांगणार नाही. शब्द दिलाय."

"मलासुद्धा नाही?"

आता मात्र सिस्टरांचं हसू गेलं. "तुम्ही हुकूम केलात तर मला सांगावं लागेल. मदर, नका करू हुकूम."

 हुकूम मदरनी केला नाही. म्हणाल्या, "जूनपासून सचिन गावात बालवाडी उघडायची आहे. तिकडे तुम्ही जा."

 पाच वर्षं सिस्टरांनी पोरं त्या पडद्याअलीकडे वाढवली होती. मग एवढंच विचारलं, "माझी पहिली कोणाकडे?"

"आठल्येबाईंकडे."

सिस्टर उज्ज्वलाबाईंकडे वळल्या. शिव्या द्यायला हव्या होत्या त्यांनी, रडायला तरी हवं होतं. त्या म्हणाल्या, "दोऱ्याची अक्षरं कपाटात वरच्या खणात आहेत. 'ळ' सुटलाय. तेवढा चिकटवून घ्या."

जूनमध्ये उज्ज्वलाबाई पहिलीच्या वर्गात विजयी पावलांनी शिरल्या. नवीन मुलं, नवा खडू, जुनी पट्टी. महिनाभर त्यांनी ते कपाट उघडलं नाही. पण दुसरीत गेलेली पोरं मधल्या सुट्टीत पडद्याआडून डोकावायची आणि नव्या पोरांना सांगायची, "तुम्ही दोऱ्यावरून नाही फिरवत? आम्ही फिरवायचो." शेवटी एक दिवस शाळा सुटल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि एकटीने बसून 'ळ' चिकटवला. चिकटवताना आणखी चिडल्या. वळण इतकं सुबक होतं.

आणि घरी? घरी तर भलतंच झालं. आठल्ये वाळू लागले. शनिवारी घरी बसून पेपर उलटासुलटा करत, आमटीत चमचा फिरवत, "नको, भूक नाही." उज्ज्वलाबाईंना हवं होतं की नवऱ्याने विसरावं; हा तर झुरत होता! त्यांनी साबुदाणा वडे केले, खरवस केला, अळूचं फदफदं केलं. आठल्ये "छान झालंय" म्हणायचे, आणि ते 'छान' ऐकून उज्ज्वलाबाईंना भांडी आपटावीशी वाटायची. आणि श्रावण सरला तसा एका शनिवारी त्यांच्या खिशात सचिनच्या बसचं तिकीट सापडलं. पुढच्या शनिवारीही. आणि पुन्हा चंदनी साबण, पुन्हा लिंबू, पुन्हा गुणगुण.

बाई हलवली, पण बातमी हलली नाही. ती फक्त बसने जाऊ लागली. तक्रार एकदाच करता येते. आता करायची कोणाकडे?

असे महिने गेले आणि पुन्हा संक्रांत आली. उत्तरायणाच्या पतंगांची लक्तरं विजेच्या तारांवर लोंबत होती. रथसप्तमीपर्यंत तीळगूळ चालतो, म्हणून त्या शनिवारी शाळा सुटल्यावर दुसरीची पोरं उज्ज्वलाबाईंपाशी आली, हातावर तीळगूळ ठेवला, पाया पडली, आणि लगेच पायात चपला घालू लागली.

"इतकी घाई कसली रे?"

उत्तर मंदाने दिलं. मंदा शाळेतली आया. नवरा लोटू लूमवर, मुलगी नीलम दुसरीत. "सिस्टरले तीळगूळ देवाले जानं शे सचिनले. पोरं काय ऐकतस का, बाई? सकायपासून मांगे लागेल शेतस. तुम्हीबी चला ना."

उज्ज्वलाबाईंनी घड्याळ पाहिलं. आठल्ये सकाळीच 'बँकेत जरा काम आहे' म्हणून सांगून गेले होते. "चला," त्या म्हणाल्या, आणि तो 'चला' असा आला की पोरं दोन पावलं मागे सरली.

बसमध्ये मंदा शेजारी बसली. उज्ज्वलाबाईंनी खिडकीबाहेर बघत, सहज म्हणून विचारलं, "शनिवारी सिस्टरकडे आणखी कोण असतं गं?"

"कोन ऱ्हाई? साहेब ऱ्हातस ना तुमना."

"तुला ठाऊक आहे?"

"आख्खी बमरोलीले ठाऊक शे."

"काय ठाऊक आहे?"

मंदाने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे वळून बसली. "ते तुम्हीच देखा, बाई. मी काय सांगू?"

सचिनला उतरून चालताना उज्ज्वलाबाईंच्या डोक्यात वाक्यं तयार होत होती. पहिलं वाक्य 'लाज नाही वाटत' ने सुरू होत होतं, शेवटचं रश्मीला घेऊन नाशिकला जाण्याचं होतं. वीस वर्षांचा संसार आज त्या बालवाडीच्या दारात मोडणार होता. कारखान्यांच्या वस्तीच्या कडेला एक बैठी खोली, दारावर दोऱ्याने चिकटवलेला भला मोठा 'अ'. आणि तीच घाण. उज्ज्वलाबाईंनी पदर नाकाला लावला.

"इथेसुद्धा खाडी आहे वाटतं."

"खाडी नही, बाई," मंदा म्हणाली.

पोरांनी दार ढकललं.

आठल्ये पाटावर बसले होते. बाह्या दुमडलेल्या, डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, गाल भरलेला. समोर ताट. ताटात भाताचा डोंगर, भातावर लालभडक कालवण, आणि कालवणात आडवेतिडवे पडलेले... बायकोला पाहून त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले, शाळेत पाटी लपवावी तसे.

"बाई!" नीलम आनंदाने किंचाळली. "साहेब बोंबील खाई राह्यनात!"

सिस्टर चुलीपाशी उभ्या होत्या, हातात पळी. "आठल्येबाई, मी नाही हं सांगितलं," त्या म्हणाल्या. "शब्द पाळला."

उज्ज्वलाबाईंच्या डोक्यातली सगळी वाक्यं पळून गेली. त्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. त्या भिजलेल्या, घामेजलेल्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे त्यांच्या वरणभाताला, त्यांच्या खरवसाला, त्यांना स्वतःलाही वीस वर्षांत कधी मिळालं नव्हतं. दुसरी बाई असती तर तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. वाळलेल्या बोंबलाच्या काय उपटणार?

"माझ्या आमटीला तुम्हाला कधी असा घाम आला नाही," त्या म्हणाल्या.

"उज्ज्वला, ऐक." आठल्ये घास गिळत म्हणाले. "मी केळव्याचा. शेजारच्या बावतीसबायच्या चुलीपाशी वाढलो, घरी न सांगता. लग्न ठरताना तुझ्या वडिलांनी विचारलं, किनाऱ्यावरचे तुम्ही, तसलं काही नाही ना? मी म्हटलं, छे, मला वासही सहन होत नाही. मग पुढे कुठल्या तोंडाने सांगणार होतो तुला?"

"त्याच तोंडाने की," सिस्टर म्हणाल्या. "प्लेगात डबा पाठवला, तर दुसऱ्या दिवशी रिकामा डबा घेऊन स्वतः आले. म्हणाले, सिस्टर, कोणाला सांगू नका, पण अजून आहे का?"

"आणि मला वाटलं..." उज्ज्वलाबाई थांबल्या.

"काय वाटलं?" आठल्यांनी विचारलं. अगदी खरं विचारलं. सबंध कॉलनीत ती बातमी न कळलेला तोच एक माणूस होता. सिस्टरांनी पळीने त्यांच्या ताटात आणखी कालवण घातलं आणि म्हणाल्या, "तुम्ही खा, साहेब. गार होतंय."

मंदा दाराबाहेर जाऊन हसून आली. पोरांनी सिस्टरांच्या हातावर तीळगूळ ठेवला. उज्ज्वलाबाईंनी घरून काही आणलं नव्हतं. नीलमने आपल्यातली एक रेवडी त्यांच्या हातावर ठेवली. ती त्यांनी सिस्टरांपुढे धरली. काय म्हणायचं असतं ते त्यांना म्हणता येईना.

सिस्टरांनी रेवडी तोंडात टाकली. "'ळ' चिकटवलात?"

"चिकटवला."

"मग झालं."

उज्ज्वलाबाई मदरकडे गेल्या, तक्रार मागे घेतली. मदर म्हणाल्या, ठीक आहे, पण आता सचिनची मुलं तिची आहेत. सिस्टर एर्मेलिंडा परत बमरोलीला आल्या नाहीत. पहिली उज्ज्वलाबाईंकडे राहिली. घरी बोंबील कधी शिजला नाही. आठल्ये शनिवारी सचिनला जात, आणि परत आले की उज्ज्वलाबाई त्यांचे हात हुंगून पाहत, त्या दिवशी सिस्टरांनी काय शिजवलं होतं ते कळावं म्हणून. ती सवय गेली नाही. दीप्तीने मात्र खरी हकिगत कळल्यावर ती कोणाला सांगितली नाही. म्हणाली, यात काही मजा नाही.

खरं ते एवढंच. चौऱ्याण्णवच्या प्लेगापासून विजय आठल्ये दर शनिवारी सिस्टर एर्मेलिंडांकडे सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात खायला जात होते. बायकोला कळू नये म्हणून मागच्या दाराने जात होते. बाहेर येताना तोंड पुसत होते, कारण तोंडाला रस्सा लागलेला असायचा.